भुरी यायच्या आधी

येत्या रविवारी आमच्याकडे भुरी येणार आहे. साधारण दोन-अडीच वर्षांची कुत्री, रस्त्यावरचीच, अंगाने पिवळट भुरी, एका कानाचं टोक कापलेलं (नसबंदीचं ऑपरेशन झालंय हे लांबून कळावं म्हणून कानाला तशी खूण करतात), आणि मागचा डावा पाय जरा जपून टाकते कारण गेल्या वर्षी तिला एका टेम्पोने उडवलं होतं. आत्ता ती ठाकुर्लीला एका ताईंकडे आहे. त्या अशी अपघातातली, आजारी कुत्री बरी होईपर्यंत स्वतःच्या घरात ठेवतात आणि मग चांगलं घर बघून देतात. त्या चांगल्या घरांच्या यादीत आम्ही बसायला जवळजवळ दहा महिने लागले, आणि ते दहा महिने लागले ते बरंच झालं असं मला आता मनापासून वाटतं.

सुरुवात झाली जानेवारीत, लेकीच्या हट्टापासून. भाद्रपदात कुत्र्या माजावर येतात, साधारण 63 दिवसांनी वितात, म्हणजे दिवाळीपासून पुढे सगळी थंडी आमच्या डोंबिवलीत जिकडे बघावं तिकडे पिल्लं असतात, रिक्षा स्टँडच्या मागे, बांधकामाच्या वाळूत, पार्क केलेल्या गाड्यांखाली. त्यातली किती जगतात ते रोज त्याच रस्त्याने स्टेशनला जाणाऱ्या माणसाला बरोबर कळतं, कारण सोमवारी पाच दिसलेली शुक्रवारी दोनच दिसतात. लेक अकरा वर्षांची आहे, तिलाही दिसत होतं. तिने एक दिवस शाळेतून येऊन दप्तरसुद्धा न काढता विचारलं, आई, आपण एक तरी आणूया का. मी हो म्हणलं. नवराही हो म्हणाला. सासूबाईंना, म्हणजे आईंना, आम्ही सांगितलं, विचारलं नाही, आणि हा फरक तेव्हा आमच्या कोणाच्या लक्षातही आला नाही.

ताईंचा फॉर्म भरला. घर भाड्याचं की स्वतःचं, गॅलरीला जाळी आहे का, गावाला गेलात तर कोण सांभाळणार, असे बरेच प्रश्न होते आणि एक होता की कुत्रं दिवसातले किती तास एकटं राहील. आम्ही लिहिलं चार-पाच. मग ताई घर बघायला आल्या आणि त्यांनी चहा घेता घेता प्रत्येकाची निघायची आणि परतायची वेळ विचारली. नवरा पावणेआठची फास्ट पकडतो आणि घरी यायला रात्रीचे आठ होतात, माझं तेव्हा फोर्टचं ऑफिस आठवड्यातून पाचही दिवस, लेकीची शाळा आणि क्लास धरून दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती नाहीच. ताई म्हणाल्या, म्हणजे आजी असतात ना घरी? आई तेव्हा सोफ्याच्या कडेला बसल्या होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत, कप उचलून आत गेल्या. ताईंनी ते बघितलं. जाताना दारात मला म्हणाल्या, पिल्लू मी तुम्हाला देणार नाही, राग मानू नका. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन तास शू धरू शकतं, महिन्याला एक तास असा ढोबळ हिशोब असतो, त्याला दिवसातून चार वेळा खायला लागतं, लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर नेता येत नाही, आणि तुमच्या घरात हे सगळं करायचं तर ते ज्यांना करावं लागेल त्यांनाच ते नकोय.

मला राग आला होता. इतकी पिल्लं मरतायत आणि ह्या एका घराला नाही म्हणतायत, असं वाटलं. लेक रडली. नवरा म्हणाला की विकत मिळतात की, आणि हे तो रागाच्या भरात बोलला, पण महिनाभर आमच्या घरात तो विषय तसाच लोंबकळत होता.

जूनमध्ये माझं ऑफिस आठवड्यातून दोन दिवसांवर आलं आणि मी परत ताईंना फोन केला. त्यांनी ह्या वेळी भुरीचं नाव काढलं. मोठं कुत्रं घ्या म्हणाल्या, स्वभाव कळलेला असतो, शू-शीचं वळण लवकर लागतं, आणि अशा लंगड्या, मोठ्या झालेल्या इंडीला, म्हणजे आपल्या देशी कुत्रीला, कोणी विचारत नाही, सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. आम्ही तिला बघायला गेलो, ती कपाटामागून बाहेरच आली नाही, तरी लेक परत येताना रिक्षात म्हणाली की हीच. मग रात्री जेवणं झाल्यावर आम्ही आईंना नीट, समोर बसून विचारलं. त्या म्हणाल्या, "आणा ना तुम्ही. मी नाही म्हणणार नाही. मी माझ्या खोलीत बसेन."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. एकाहत्तर वर्षांची बाई, ह्या घराचे हप्ते त्यांच्या आणि सासऱ्यांच्या पगारातून गेलेत, आणि त्या स्वतःच्याच घरात एका खोलीपुरतं राहायला तयार झाल्या कारण नातीचं मन मोडायचं नव्हतं. असा होकार घेऊन कुत्रं आणायचं म्हणजे एकाला घर द्यायचं आणि दुसऱ्याचं काढून घ्यायचं. मी ताईंना सांगितलं की थांबा.

त्यातच ऑगस्ट आला. 11 ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा दिल्लीतली भटकी कुत्री उचलून कायमची निवाऱ्यात ठेवायचा आदेश आला, 22 तारखेला तो बदलला, म्हणजे पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी आणि लस करून जिथून उचलली तिथेच सोडायची असं ठरलं, आणि त्या दहा-बारा दिवसांत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक एकमेकांशी जे बोलले ते बघून मला झोप लागेना. एकमेकांच्या पोरांना डबे देणारी माणसं आहेत ही. त्याच गडबडीत कोणीतरी लिहिलं की बिल्डिंगमध्ये कुत्री पाळायलाच बंदी करू. तशी बंदी सोसायटीला घालता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने, म्हणजे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने, 2015 सालीच तशा सूचना काढलेल्या आहेत की सर्वसाधारण सभेत ठराव केला तरी चालत नाही. मी ते पत्रक डाउनलोड करून ठेवलं होतं. पण ग्रुपवर टाकलं नाही. त्याऐवजी आमच्या जिन्यातल्या सातही घरी स्वतः जाऊन आले, कुठे पाच मिनिटं, कुठे तासभर. दोन घरात लहान मुलं आहेत, त्यांच्या आयांनी विचारलं की जिन्यात समोरासमोर आली तर काय करायचं, आणि तो प्रश्न अगदी रास्त होता. ठरलं असं की आम्ही पट्टा आखूड धरून भिंतीच्या बाजूने जायचं आणि समोरून कोणी आलं तर आम्ही थांबायचं, त्यांनी नाही. कायदा माझ्या बाजूने होता तरी मला त्या जिन्यातून पुढची दहा-बारा वर्षं जायचंय.

आणि मग पितृपक्ष आला. आई दरवर्षी सासऱ्यांच्या तिथीला सगळं साग्रसंगीत करतात. गायीचा घास, कावळ्याचा, कुत्र्याचा, पानं वेगवेगळी काढलेली असतात. कुत्र्याचं पान खाली ठेवून ये असं त्या दरवर्षी मला सांगतात आणि सोळा वर्षं मी ते खाली नेऊन ठेवते, मला कधी काही वाटलं नव्हतं. ह्या वर्षी मी सहज विचारलं, आई, कावळ्याचं तुम्ही स्वतः गॅलरीत ठेवता, हे मात्र कधीच का नाही हो ठेवत? त्या मला म्हणाल्या, आधी ठेवून ये, मग सांगते.

1963 साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. गाव सातारा जिल्ह्यातलं. घरात रोज शेवटची भाकरी कुत्र्याची असायची आणि ती दारातल्या कुत्र्याला घालायचं काम आईंचं होतं. तो कुत्रा त्यांच्या मागे विहिरीपर्यंत जायचा, शाळेपर्यंत जायचा. एकदा तो कुठेतरी जाऊन दोन दिवसांनी परत आला, तोंडातून लाळ गळत होती, आईंनी त्याला हाक मारली आणि तो त्यांच्या पोटरीला चावला. "माझ्या हातची भाकरी खाणारा तो," त्या म्हणाल्या. तोच पुढे जाऊन शेजारच्या वाड्यातल्या एका मुलाला चावला. आईंच्या वडिलांनी त्यांना पाठुंगळी घेऊन एसटी गाठली, शहरात एका नातेवाइकाकडे मुक्काम केला आणि रोज दवाखान्यात नेऊन पोटात इंजेक्शन, असे चौदा दिवस, रोज, बेंबीच्या आजूबाजूला, दोन माणसं धरायला. त्या मुलाच्या घरच्यांनी जखमेवर चुना आणि तिखट भरलं आणि देवऋष्याकडे नेलं. आई परत आल्या तेव्हा तो खेळत होता. दीड महिन्याने त्याला पाण्याची भीती वाटायला लागली. पुढचं त्यांनी सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही, एवढंच की तो गेला, आणि त्याचा आवाज आईंनी भिंतीपलीकडून ऐकला होता. कुत्र्याला तर गावाने पहिल्याच दिवशी काठ्यांनी मारलं होतं, तोही आवाज त्यांच्या कानात आहे. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. बासष्ट वर्षं त्या नुसतं म्हणत आल्या होत्या की मला कुत्री आवडत नाहीत.

मी त्या रात्री वाचत बसले. ती चौदा इंजेक्शनं म्हणजे सेंपलची लस. डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरने 1911 साली कसौलीला तयार केली, मेंढीच्या मेंदूपासून बनायची, म्हणून इतकी मोठी मात्रा, इतके दिवस, आणि काही जणांना तर त्या लसीचाच त्रास व्हायचा, क्वचित लकवासुद्धा. आपल्याकडे ती 2004 पर्यंत बनत होती. आता लस दंडात देतात, पहिल्या डोसचा दिवस 0 धरून मग 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, चाव्याने रक्त आलं असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन. आणि सगळ्यात आधी, दवाखान्यात पोचायच्याही आधी, वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. हळद नाही, चुना नाही, तिखट नाही, काही नाही. हे मी आमच्या जिन्यातल्या सातही घरी परत जाऊन सांगितलं, तुम्हीही सांगा कोणाला तरी, कारण लक्षणं एकदा दिसायला लागली की रेबीजमधून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर हे सगळं केलं तर तो टळतो.

डॉक्टरांकडे आम्ही सगळेच गेलो. भुरीची रेबीजची लस झालेलीच आहे, ती दरवर्षी न चुकता द्यायची, पण चावा न बसताही माणसाला आधीच लस घेऊन ठेवता येते हे मला माहीत नव्हतं. तीन डोस, 0, 7 आणि मग 21 किंवा 28 व्या दिवशी. त्यानंतर कधी कुठलं कुत्रं चावलंच तर पूर्ण कोर्स लागत नाही, दोनच डोस पुरतात, त्याच दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक. आईंनी डॉक्टरांना दोनदा विचारलं, पोटात नाही ना? डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा लहान होते पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, आईंच्या हातात सिरिंज देऊन सुई किती बारीक आहे ते दाखवलं. आमचे चौघांचेही तीन-तीन डोस आता पूर्ण झालेत. पहिल्या दिवशी आईंनी डोळे मिटून लेकीचा हात धरला होता आणि सुई बाहेर आल्यावर विचारत होत्या की कधी देणार.

भुरीकडे आम्ही आत्तापर्यंत सात वेळा जाऊन आलो. ताईंनी आधी आम्हालाच शिकवलं. तिच्यासमोर सरळ उभं राहून डोळ्यात बघायचं नाही, वरून डोक्यावर हात न्यायचा नाही, जमिनीवर तिरकं बसायचं आणि आपलं काहीतरी करत राहायचं. कुत्रं घाबरलं की दर वेळी गुरगुरत नाही, आधी तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि हे सगळं आपण बघितलंच नाही की मग दात दाखवतं. लेकीने वहीत चित्रं काढून घेतली ह्याची. तिसऱ्या वेळी भुरी कपाटामागून बाहेर आली, चौथ्या वेळी लेकीच्या बुटाचा वास घेतला.

पाचव्या वेळी आई आल्या. कोणी या म्हणलं नव्हतं, स्वतःच साडी बदलून तयार झाल्या. आत नाही आल्या पण. सेफ्टी डोअर बंद ठेवून जिन्यातच उभ्या राहिल्या, हातात छत्री घट्ट धरून, पाऊस नव्हता तरी. भुरीने छत्री बघितली आणि ती सरळ मागे सरकली, शेपूट पोटाखाली घालून कपाटामागे, आणि थरथरायला लागली. ताई हळूच म्हणाल्या, काठीसारखं काही दिसलं की असं करते, मारलंय तिला कोणीतरी. आई बराच वेळ जाळीतून बघत होत्या. मग त्यांनी छत्री जिन्याच्या कठड्याला टेकवून ठेवली, स्वतःपासून लांब, आणि रिकाम्या हातांनी परत येऊन उभ्या राहिल्या. वीसेक मिनिटं. भुरी बाहेर आली नाही. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "मला घाबरली ती."

त्यानंतर त्यांनी त्यांच्या अटी सांगितल्या आणि मला फार बरं वाटलं, कारण अटी घालणारा माणूस खोलीत जाऊन बसणार नसतो. स्वयंपाकघरात आणि देवघरापाशी कुत्री येणार नाही. देवघरात दत्ताची तसबीर आहे, लेक म्हणाली, आजी, दत्ताच्या पायाशी तर चार कुत्री आहेत. आई म्हणाल्या, "ती चार वेद आहेत. ती चावत नाहीत." विषय संपला. स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं छोटं फाटक बसवलंय, आणि ते भुरीच्याही फायद्याचं आहे, कारण मराठी घरातला स्वयंपाक म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने धोकाच. कांदा, लसूण, बेदाणे, मनुका, चॉकलेट, सगळं तिला विषारी आहे. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा खाली पडता कामा नये. शिजवलेलं हाड द्यायचं नाही, त्याच्या काचा होतात. दूध-पोळी हे आपलं ठरलेलं कुत्र्याचं जेवण, पण मोठ्या कुत्र्यांना बरेचदा दूध पचत नाही. तिचं जेवण वेगळं शिजणार, भात, उकडलेलं चिकन, लाल भोपळा, अंडं, त्याचं पातेलं वेगळं, आणि ते मी करणार, आई नाही, हे मी लिहून फ्रिजवर लावलंय.

बाकी तयारी झाली बरीचशी. गॅलरीला जाळी लागली. लाद्या गुळगुळीत आहेत, तिचा तो पाय सटकेल म्हणून हॉलमध्ये सतरंज्या आणि त्याखाली रबरी मॅट टाकल्यात. पहिला मजला, अठरा पायऱ्या, डॉक्टरांनी चालेल म्हणून सांगितलंय, सावकाश. गोचिडांचं औषध, जंतांचं औषध, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही, कारण नव्या घरी आलेली कुत्री पहिल्या दिवसांतच घाबरून पळतात म्हणून दोन्हीला वेगळे पट्टे लावायचे, गळ्यात आमच्या फोन नंबरचा बिल्ला. माझ्या ऑफिसच्या दोन दिवशी दुपारी तिला खाली नेऊन आणायला आमच्याच बिल्डिंगमधला एक कॉलेजचा मुलगा तयार आहे, त्यालाही ठाकुर्लीला नेऊन तिची ओळख करून दिली. दिवाळीच्या आधी आणायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. कुत्र्याला 45,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपल्याला 20,000 पर्यंत, त्यात नवं घर आणि वर सुतळी बॉम्ब, कल्पनाच करवत नाही.

ताई म्हणतात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. तीन दिवस ती नुसती घाबरलेली असेल, कदाचित जेवणार नाही, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळेल, आणि तीन महिन्यांनी तिला वाटायला लागेल की हे आपलं आहे. शास्त्रातला नियम नाहीये हा, कुत्री सांभाळणाऱ्यांचा अनुभवाचा आडाखा आहे. आम्ही पहिल्या पंधरा दिवसांत कोणालाच घरी बोलवलेलं नाही. लेकीच्या मैत्रिणींना वाईट वाटलंय, वाटू दे.

रात्री कधीकधी मी हिशोब करते. इंडी कुत्री चांगली राहिली तर तेरा-चौदा वर्षं सहज जगतात. भुरी म्हातारी होईल तेव्हा लेक बावीस-तेवीसची असेल, इथे असेल की नाही कोण जाणे. मी पन्नाशीत असेन. आईंचं मी मोजत नाही.

काल संध्याकाळी भुरीची जागा ठरवत होतो. तिला पाठीमागे भिंत हवी आणि समोर दार दिसायला हवं, म्हणून सोफ्याच्या मागचा कोपरा. आईंनी त्यांच्या दोन जुन्या सुती साड्या काढून दिल्या, त्याची घडी करून गोधडीसारखं अंथरलंय, बाईच्या वासाची सवय होईल म्हणाल्या, नंतर बदला हवं तर. मग त्यांनी स्वतःची खुर्ची कुठे असेल ते बघितलं. गॅलरीच्या दाराशी, जिथे त्या रोज बसतात तिथेच, पण जरा तिरकी फिरवलेली, म्हणजे कोपऱ्याकडे थेट तोंड होणार नाही. शिवणाच्या डब्यातली टेप आणली, एक टोक लेकीला धरायला लावलं आणि खुर्चीच्या पायापासून साडीच्या घडीपर्यंत मोजलं. साडेअकरा फूट भरलं.

"पुरेल का गं तिला?" आईंनी विचारलं.

लेकीने खुर्ची अजून एक फूट गॅलरीकडे सरकवली, आणि तिथे लादीवर खडूने खूण केली.